कापलेला खुनी

खुनी शेवटी सापडतो, आणि तो नीलम्माचा नवरा वीरप्पा निघतो. हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. सिनेमा कंपनीनंही तसंच समजायचं ठरवलं होतं.

परंड्यात बंडप्पाचा फिरत्या सिनेमाचा तंबू लागला होता. सिनेमा गुप्तहेराचा, विनोदी. वीरप्पा मुंबईला दिवसा गोदीत हमाली करायचा आणि संध्याकाळी कंपनीत मिळेल ते सोंग घ्यायचा. मागच्या खेपेला गावी आला तेव्हा सांगून गेला, "खुन्याचं काम मिळालंय. शेवटपर्यंत हाय मी." मग गोदीत स्फोट झाला. त्यात वीरप्पाचं काहीच सापडलं नाही, चप्पलसुद्धा नाही. निदान पडद्यावर तोंड दिसेल, म्हणून नीलम्मा बायकांत अगदी पुढं येऊन बसली. थोरले दीर कल्याणप्पा दोरीपलीकडं, पुरुषांत.

पडद्यावर दार उघडायचं. आत कुणी यायचं नाही. तरी खोलीतली माणसं दचकायची. एक म्हातारी पडद्याच्या कडेबाहेर कुणाला तरी चहाचा कप द्यायची; कप परत यायचा तो रिकामा. तंबू हसून लोळायचा. नीलम्मा मात्र दार उघडलं की पदर सारखा करायची.

शेवटी गुप्तहेर ओरडला, "खुनी याच खोलीत आहे!" आणि लगेच लग्नाचं गाणं लागलं. वरात गेली, बत्त्या पेटल्या, माणसं धोतरं झटकत उठली.

नीलम्मा उठली नाही. "भावजी, इचारा की तंबूवाल्यास्नी, खुनी कुठं हाय?"

बंडप्पा रीळ गुंडाळत होता. "कापला, अक्का. लढाईपायी फिल्मचा तुटवडा, म्हून सरकारनं शिनेमाची लांबी बांधून दिलीया. गाणी कापावी तर पब्लिक मला कापतंय. मंग कंपनीनं खुनी काढला."

"मग खून कुणी केला?" कल्याणप्पांनी विचारलं.

"आता कुणीच न्हाय. मेलेला उगंच मेला."

नीलम्मानं रिळाकडं बघत विचारलं, "कापल्यालं कुठं ठेवत्यात?"

"ठेवत्यात कुठलं! लई लवकर पेट घेतंय ते. जाळून टाकत्यात."

ती ताडकन उठली. "जाळत्यात? आपल्यात जाळत्यात व्हय?"

बंडप्पाही लिंगायतच. त्याच्या हातातलं रीळ फिरायचं थांबलं. वीरप्पासाठी रानात खणलेला समाधीचा खड्डा अजून उघडा होता, हे त्यालाही ठाऊक होतं. मेलेल्याला बसवून माती द्यायची, पण बसवायला माणूसच नव्हता. कुळव खड्ड्याला वळसा घालून जायचा.

"शेवटाला..." नीलम्मानं विचारलं, "उभं हुते का बसल्याले?"

तो शेवट बंडप्पानं कधी पाहिलाच नव्हता.

"बसल्याले," तो म्हणाला. "खुर्चीवर. ताठ."

सकाळी कल्याणप्पांनी निजाम सरकारच्या तहसील कचेरीत अर्ज दिला. कंपनी इंग्रजांच्या मुलखात, म्हणून खबरदारी घेऊन त्यांनी इंग्रज सरकारलाही एक सलाम लिहिला होता. शेवटी मजकूर असा:

"सबब अर्ज की, सदर खुनी इसम वीरप्पा याचा कापलेला भाग न जाळता, त्यातला निदान बसलेला तुकडा मातीसाठी बायकोच्या ताब्यात देण्यात यावा, आणि हुकूम होईपर्यंत त्यास कोणी उठवू नये."