नागफणीवरचा सवाल

"पोटात गोळा येतोय का?" धोंडिबाने विचारलं.

सुरज नागफणीच्या कड्यावर उभा होता. कमरेला दोर होता, पण पुढे सरळ दरी.

नऊ महिने, दर महिन्याला हाच सवाल. दर वेळी सुरज छाती काढून सांगायचा, "न्हाई भाऊ, अजिबात न्हाई." आणि धोंडिबा म्हणायचा, "मग जा घरी." त्याचा अजून भरवसा बसला नाही, असं सुरज समजायचा.

धोंडिबाच्या टोळीत पर्यटकांना दोरावरून कडा उतरवण्यात सुरजचा हात धरणारा कोणी नव्हता. मग बंगल्यांवरच्या पार्ट्या लागल्या आणि चार वर्षं कोकेन. ते सुटून दहा महिने झाले, तरी धोंडिबा दोर हातात देईना. उद्या सीझन सुरू. आज जमलं नाही, तर सुरजची जागा टोळीतल्या नव्या पोराला, आकाशला जाणार होती.

लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. मेंदूतलं डोपामिन पावडरीने चार वर्षं उधळलं, आता साध्यासुध्या सुखाला मेंदू दाद देत नाही. ताणाच्या हार्मोन्सचंही गणित बिघडलंय. भीतीसुद्धा वेळेवर येत नाही. हळूहळू परत येईल सगळं. सुरजने त्यातलं अर्धंच ऐकलं. धोंडिबाने मात्र शब्दन् शब्द ध्यानात ठेवला.

खरंच होतं ते. लेकीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा सुरजने टाळ्या वाजवल्या, पण आत काहीच हललं नाही. याची त्याला फार लाज वाटायची.

"बोल की," धोंडिबा म्हणाला.

सुरजने खाली पाहिलं. पायाखालचा एक खडा निसटला. तो कुठे पडला, ते ऐकूच आलं नाही. सुरजच्या पोटात एकदम गोळा आला. तळहात ओले झाले. नुसतं 'न्हाई' म्हणायचं होतं. नऊ वेळा म्हटलंच होतं की! पण या हातांवर उद्या कुणाचा तरी जीव असणार होता.

तो मागे सरकला.

"भाऊ, भ्या वाटतंय. लय. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. आकाशला द्या."

त्याचे डोळे भरून आले. धोंडिबा मात्र खदखदून हसला.

"येड्या, नऊ म्हयने ह्याचीच वाट बघतोय मी. ज्याला भ्याच वाटत न्हाई, त्याच्या हाती माणसं सोपवू व्हय?"

त्याने स्वतःच्या कमरेला पट्टा आवळला, दोर अडकवला आणि दुसरं टोक सुरजच्या हातात दिलं. सुरज खडकाला पाय रोवून बसला. 'घट्ट धर' एवढंही धोंडिबा बोलला नाही. त्याने दरीकडे पाठ केली आणि मागे पाऊल टाकलं.