अर्धं कोर्ट

“अजून एकदा मारा उडी,” बाई म्हणाल्या. “पण भिंतीच्या जवळ.”

कोर्टवाल्याने घाम पुसला आणि नमुन्याच्या तुकड्यावर चौथ्यांदा उडी मारली. खेळाच्या कोर्टावर अंथरायची जमीन विकायची तर गिऱ्हाइकासमोर आधी आपण उडी मारायची, ही त्याची वीस वर्षांची रीत. एरवी एक उडी पुरे होई. लोक मान डोलावत आणि लगेच रंगावर येत. निळा की हिरवा यावरून नवराबायकोंची जुंपलेली त्याने पाहिली होती. साठी ओलांडलेल्या या बाईंनी मात्र रंगांचं पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं.

“याचा आवाज जास्त, की मघाच्या तुकड्याचा?”

“याचाच. प्लॅस्टिकच्या टाइल्स आहेत, एकमेकींत अडकवायच्या. खालून पोकळ. दोघं जरी खेळायला लागले तरी नुसता खडखडाट. शेजारी ओरडतात, म्हणून लोक घेत नाहीत.”

“ओरडतात ना?” बाईंचा चेहरा उजळला. “नक्की?”

आवाजाच्या तक्रारी त्याने पोत्याने ऐकल्या होत्या. आवाजाची मागणी पहिलीच. त्याने विषय मापावर आणला. बॅडमिंटनच्या कोर्टाला चव्वेचाळीस फूट लांबी लागते. परसात मागच्या पायऱ्यांपासून भिंतीपर्यंत होते पंचवीस.

“मला अर्धंच हवंय,” बाई म्हणाल्या.

“आणि जाळी?”

“जाळी भिंतीच्या जागी. सगळ्या रेषा तिथूनच मोजा.”

“अहो ताई, मग पलीकडून फूल परतवणार कोण? भिंत?”

बाई हसल्या नाहीत. पायरीवर बसल्या.

“पलीकडे माझी धाकटी बहीण राहते. लहानपणी हे एकच परस होतं. खाली साधं काँक्रीट, आणि जाळी बरोबर इथे. वाटण्या झाल्या तेव्हा दोघींना सारखं जावं म्हणून वडिलांनी जाळीच्या रेषेवरच भिंत घातली. परस अगदी सारखं वाटलं गेलं. बाकी सगळ्यावरून आमचं बिनसलं. अकरा वर्षं झाली. मी हाक मारली की ती खिडकी लावून घेते.” त्यांनी टाइल उचलून बोटाने वाजवून पाहिली. “ही खडखडली की निदान भांडायला येईल. एकदा आली की पुढचं मी बघते.”

कोर्टवाल्याला हसू आलं. भांडणासाठी जमीन घेणारं गिऱ्हाईकही शेवटी गिऱ्हाईकच. त्याने वही उघडली आणि टाइलचं नाव लिहायला घेतलं.

“एक सांगा,” बाई म्हणाल्या. “ही गुडघ्याला कशी?”

पेन थांबलं. इथे एक छोटंसं खोटं बोललं असतं तर काम पक्कं होतं.

“वाईट. उडी मारून खाली आलात की दणका थेट सांध्यात.”

“डाव्या गुडघ्याला?”

“गुडघ्याला डावं-उजवं कुठलं, ताई!”

“समजा, डावा पूर्वी एकदा मोडलेला असेल तर?”

त्याने बाईंच्या पायांकडे पाहिलं. सकाळपासून त्या उकिडव्या बसून प्रत्येक तुकडा चाचपत होत्या, आणि दर वेळी हात न टेकता उठत होत्या. त्याला नवल वाटलं. त्याने पिशवीतून शेवटचा नमुना काढला. जाड, भुरकट रबर. त्यावर पाचवी उडी मारली. धप्प. बस, एवढंच.

“मोडलेल्या गुडघ्याला हेच. पण याला आवाज नाही. पलीकडच्या मांजरालासुद्धा कळणार नाही.”

बाईंनी एका हातात टाइल घेतली, दुसऱ्या हातात रबर. भिंतीकडे एकदा पाहिलं. मग टाइल त्याच्या पिशवीत त्यांनी स्वतःच ठेवली.

“रबराचंच घाला.”

“आणि भांडण?”

“राहिलं,” बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

तो रस्त्यावर येऊन गाडीत नमुने भरत होता, तेवढ्यात शेजारचं फाटक करकरलं. काठी टेकत एक बाई बाहेर आल्या. नाक तेच, हनुवटी तीच. डावा पाय गुडघ्यात वाकतच नव्हता.

“सकाळपासून माझ्या भिंतीशी उड्या मारताय ते तुम्हीच ना?”

“हो. मोजमाप चालू होतं.”

“चार ऐकल्या. मग एकदम सगळं गप्प. म्हटलं, पडलं की काय कोणी.” त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं. “काय घेतलं तिने?”

त्याने रबराचा तुकडा दाखवला. बाईंनी तो जमिनीवर ठेवायला लावला आणि काठीवर भार देऊन डावी टाच त्यावर दाबली. एकदा. मग पुन्हा, जरा जोर देऊन.

“गुडघ्याचं विचारत होती?”

“तेवढ्यावरच तर ठरलं. डाव्या गुडघ्याचं.”

बाईंनी टाच उचलली नाही. खाली रबराकडे बघत राहिल्या.

“खुळी आहे,” त्या म्हणाल्या. “तिच्याशी खेळताना काँक्रीटवर पडले मी माझ्याच धांदलीने, त्याला चाळीस वर्षं झाली. अजून हिशेब स्वतःकडेच ठेवलाय तिने.” मग मान वर करून त्यांनी विचारलं, “सगळं कोर्ट घेतलं?”

“नाही, अर्धंच.”

त्यांनी फाटक सताड उघडलं.

“आत या. उरलेलं अर्धं इकडे घालायचंय.”

कोर्टवाल्याने टेप काढली आणि सवयीने विचारलं, “भिंतीपासून मोजू ना?”

“भिंतीपासून कशाला?” काठी टेकत पुढे जाणाऱ्या बाई म्हणाल्या. “जाळीपासून मोजा.”