उकळती वाळू

स्नेहलने पंख्याचा वारा वाढवला, तशी बॉयलरच्या पोटातली तापलेली वाळू हलली, फुगली आणि पिठल्यासारखी रटरटू लागली.

"या दादा, बघा," ती मालकांना म्हणाली. सारोळ्याजवळचा हा कागदाचा कारखाना आनंदरावांचा. त्यांनी काळी काच डोळ्यांपुढे धरून झरोक्यातून आत पाहिलं.

"ही तर उकळती की गं."

"खालनं वारा सोडलाय, त्यो वाळूला बसू देत न्हाई. कोळशाचा चुरा आत पडला की तिच्यात घुसळून कण न् कण जळतो. नऊशे डिग्रीच्या आतच ठेवायचं. वर गेलं की राख वितळती, वाळू तिला चिकटती अन् त्याचा दगुड व्हतो. संगं चुनखडी टाकतो, ती कोळशातलं गंधक धरून ठेवती."

वरच्या माळ्यावर, कोळशाच्या क्रशरपाशी, तिचा नवरा मानसिंग हे ऐकत होता. यातलं अक्षर न् अक्षर त्यालाही येत होतं. वेल्ह्याच्या घरात एकच पुस्तक मधे ठेवून दोघांनी पाठ केलं होतं. बॉयलरच्या परीक्षेला दोघं बसले, पास ती झाली. नवा बॉयलर तिच्याकडे आला, कोळसा त्याच्याकडे राहिला.

"वयनींनी नाव काढलं, मानसिंगा," शेजारी घमेलं रिकामं करत गेनबा म्हणाला.

"व्हय," मानसिंग म्हणाला आणि पाठ फिरवली.

तेव्हाच त्याला जाळी दिसली. चुरा चाळणारी तार एका कडेला उसवली होती आणि तिथून मुठीएवढे दगड कोळशाबरोबर खाली चालले होते. गेनबा जिना उतरून गेला होता. क्रशर बंद करायचं बटण मानसिंगच्या हाताशी होतं. दगड वाळूत तरंगत नाहीत, तळाला बसतात, वाऱ्याची भोकं बुजवतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. खालून मालकांचं हसणं ऐकू आलं, मग स्नेहलचं. त्याने हात खिशात घातला.

खाली मालकांचा चहा संपेपर्यंत उजव्या कोपऱ्यातली वाळू निजली. वारा मिळेना, कोळसा तिथेच साचून धगधगू लागला, तापमानाचा आकडा चढत गेला. स्नेहलने कोळसा बंद केला, वारा वाढवून पाहिला. कोपरा हलला नाही. शेवटी तिने बॉयलर बंद केला. वाफ उतरली, पलीकडे कागदाचं मशीन थांबलं आणि सगळ्या कारखान्यात एकाएकी शांत झालं.

ती माळ्यावर चढली. जाळी पाहिली, जाळीशेजारी उभा असलेला नवरा पाहिला. आली तशीच वळली. खाली उतरली.

सगळे गोळा झाले होते. आनंदरावांनी विचारलं, "कुणाकडनं झालं?"

"माज्याकडनं. सुरू करायच्या आदी जाळी म्या बगाया पायजे हुती. न्हाई बगितली."

मानसिंग जिन्यावर थबकला. आता मालक तिला चार शब्द सुनावतील, म्हणून त्याने कान टवकारले.

आनंदरावांनी काळी काच खिशात ठेवली. मग म्हणाले, "पोरी, चूक माझी म्हणणारं माणूस हितं मला आजवर भेटलं न्हाई. भट्टी निवू दे, साफ करून घे. बॉयलर तुज्याकडंच ऱ्हाईल."

गेनबाने मान डोलावली. कोणीतरी तिला पाणी आणून दिलं.

चूक मानसिंगने केली होती, आणि त्या चुकीतूनही नाव तिचंच झालं होतं.

"खोटं बोलती ती," तो जिन्यावरून म्हणाला. "जाळी फाटल्याली म्या बगितली हुती. बगून जाऊ दिली."

सगळ्या माना वर वळल्या. सकाळपासून पहिल्यांदाच सगळे त्याच्याकडे बघत होते.

स्नेहल तेवढी बघत नव्हती.