एका टाकीत दोन जोड्या

एका जोडीनं अंडी घातली, तेव्हा दोन जोड्या दुप्पट पिल्लं देतील, असा दयानंदचा सरळ हिशेब होता. म्हणून जांबे गावातल्या भाड्याच्या घरात, खाऱ्या पाण्याच्या टाकीत त्यानं जोकर माशांची दुसरी जोडी सोडली. हातातला चहा निवायच्या आत जुन्या मादीनं नव्या दोघांना कोपऱ्यात कोंडून त्यांच्या शेपट्या कुरतडायला घेतल्या.

"अहो, काढा ना त्यांना बाहेर!" मेधा कळवळली.

"काढून ठेवू कुठं? नळाच्या पाण्यात लगेच मरतील."

भाडं न्यायला आलेले घरमालक तात्या दारातच थबकले. "एका खोलीत दोन बिऱ्हाडं? सायेब, एवढा लोभ तर आमा घरमालकांना बी न्हाई."

मधे काच उभी करायला दयानंदनं पाण्यात हात घातला, तर मादी त्याच्याच बोटाला चावली. संध्याकाळपर्यंत नवी जोडी मेली आणि टाकी शांत झाली.

"निदान अंडी तरी वाचली," मेधा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर जिंकलेली पण भांडणानं बिथरलेली जोडी आपलीच अंडी एकेक करून खात होती. त्या अंड्यांत कालच इवले इवले डोळे दिसू लागले होते.