उलटा पंख

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर काकूंचा उजवा हात नुसता मांडीवर पडून असायचा. "बोटांत ताकद येतेय, वापरा," डॉक्टर सांगून थकले. म्हणून लेकीने ठोकळे जोडून बनवायचं महायुद्धातलं लढाऊ विमान आणलं. "जन्मभर कपडे शिवले, आता युद्धावर धाडतेस?" काकूंनी खोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी काकाच जोडायला बसले. नळ दुरुस्त करताना घरात पूर आणणाऱ्या या गृहस्थांनी पंखच उलटा बसवला. "अहो, बाही उलटी लावलीत! उसवा आधी!" "बरोबर आहे माझं." "डोंबलाचं बरोबर! द्या इकडे!" काकूंनी डाव्या हाताने विमान ओढलं, उजव्याने पंख उपटला आणि सुलटा करून खटकन बसवला. काका बघतच राहिले. उजव्याने! "बघताय काय असे?" काकू खेकसल्या. "काही नाही," म्हणत काकांनी चष्म्यामागचे डोळे पुसले, शेपटीचा तुकडा उचलला आणि मुद्दाम उलटा बसवला.