शांतारामचं वैराग्य

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर दोनच महिन्यांत शांतारामने डहाणूचं घर सोडलं आणि तो उधव्याजवळच्या एका मठात जाऊन राहिला. "आता कसलाच मोह उरला नाही, मला आत्मज्ञान हवंय," एवढंच तो बायकोला म्हणाला होता. पण दोन वर्षं झाली तरी ध्यानात डोळे मिटले की त्याला अंथरुणाला खिळलेली आई दिसायची, तिची हाक ऐकू यायची. ही सगळी माया, असं तो स्वतःला बजावायचा.

एका दुपारी त्याची बायको सरला मठात आली. ती घरी चला म्हणणार, म्हणून त्याने उत्तर मनात जुळवूनच ठेवलं.

"काल आईंचं तेरावं झालं," ती म्हणाली. "निरोप धाडला होता, पण तुमचं मौन चालू होतं म्हणे. आपल्या यतीनने अग्नी दिला."

शांतारामने डोळे मिटून हात जोडले.

"आता कुणाचं गूमूत काढायचं नाही, की कुणाला भरवायचं नाही," सरला शांतपणे म्हणाली. "आता घरी आलात तरी चालेल."

"पिशवी घेऊन येतो," म्हणत तो चटकन उठला आणि दारातच थबकला. मागे वळून तिच्याकडे बघायची त्याला हिंमत होईना.