आयतं राज्य

"ए चेटकिणे, रविवारी खेळाची गोष्ट तूच रचायचीस. बाळाचं निमित्त चालणार नाही!" मैत्रिणींनी बजावलं होतं. कॉलेज संपलं तसा फासे टाकत खेळायचा तो जादूगार-राक्षसांचा खेळही सुटला होता. मांडीवर पेंगणारं बाळ सांभाळत ती मोबाइलवर खेळातल्या त्या जुन्या राज्याचे नकाशे, गावं, राजघराणी शोधत राहिली. अखेर कुणीतरी लिहून ठेवलेलं सगळंच आयतं सापडलं, तिथल्या खानावळवाल्याच्या तिन्ही मांजरांच्या नावांसकट.

"बघ रे, किती रिकामटेकडं असावं माणसानं!" ती नवऱ्याला म्हणाली.

शेवटी लिहिलं होतं, "काही अडलं तर कधीही विचारा, मला वेळच वेळ आहे."



खाली आठ वर्षांपूर्वीची तारीख होती, आणि नाव तिचंच: चेटकीण.